डाळ शिजेपर्यंत

"अख्खा दिवस गेला, आन् पाण्यावर किती? डाळ शिजंपर्यंत."

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. दौंडमधल्या आमच्या आणि गायकवाडांच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि दोन्ही स्वयंपाकघरं तिला पाठ लावून होती. बोलत होत्या त्या करुणामावशी. ऐकत होते ते त्यांचे यजमान, शांतवनकाका, नुकतेच घोड धरणावरून परतलेले. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि काकांनी शांतपणे विचारलं, "कुठली डाळ? तुरीची का हरभऱ्याची?"

"मुगाची," मावशी म्हणाल्या.

मी तेव्हा नववीत होते. इंग्रजी शाळेत जात होते आणि घरीदारी शक्य तेवढं कमी बोलत होते. माझं ऐकणं मात्र चांगलं होतं. काकांची ओळख मला अशी भिंतीतून झाली. प्रत्यक्ष बोलणं नंतरचं.

शांतवन गायकवाड कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचे. माझे पप्पा त्याच कंपनीच्या ऑफिसात होते. काकांकडे शिडाची एक होडी होती. आमच्याकडे होडी असलेला माणूस म्हणजे मासे धरणारा. नुसतं फिरायला होडी, तीही शिडाची, आणि तीही घरापासून स्कूटरवर तासा-दीड तासाच्या अंतरावर ठेवलेली, हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं. पप्पा सांगायचे की कंपनीच्या बसमध्ये काकांना सगळे एकच विचारतात, "गायकवाड, सबंध सीझनमध्ये पाण्यावर असता तरी किती वेळ?" आणि काका खिडकीबाहेर बघत म्हणतात, "वारं देईल तेवढा."

खिडकीबाहेर ते धुराडी बघत असत. धूर कुणीकडे झुकलाय, सरळ वर जातोय की फुटतोय, यावर त्यांचा दिवस ठरे. सुट्टीच्या दिवशी धुराडी नसत, मग ते गच्चीवर उभे राहून लोकांची वाळत घातलेली धुणी बघत. यावरून एकदा मागच्या गल्लीतल्या बाई तक्रार घेऊन आल्या, की तुमचे मिस्टर आमच्या साड्यांकडे टक लावून बघतात. मावशींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "ताई, पस्तीस वर्सं मी बी साडीच नेसते. त्यांना अजून रंग सांगता याचा न्हाई. ती उडती का, तेवढंच त्यांना दिसतं."

काकांचा हंगाम गणपती उठले की सुरू व्हायचा आणि मार्चमध्ये, कालव्याला पाणी सोडून सोडून धरण उतरलं की संपायचा. ऐकायला सहा महिने. पण त्यातले किती दिवस कशात जात हे मी पुढे जवळून पाहिलं. साप्ताहिक सुट्टी शिफ्टप्रमाणे फिरायची. ती रविवारी आली तर आधी चर्च, मग होडी. या क्रमात कधी बदल नाही. ऑक्टोबरमध्ये वारा मेलेला. नोव्हेंबरमध्ये लग्नं. डिसेंबरात वारा चांगला, पण नाताळची रंगरंगोटी, फराळ, पाहुणे. कधी स्कूटर पंक्चर, कधी कंपनीत रिलीव्हर आला नाही म्हणून डबल शिफ्ट. आणि इतकं सगळं पार करून काठावर पोचलं तर होडीच्या तळाला भेग. ती भरायची, वाळेपर्यंत थांबायचं, आणि तोवर ऊन कलतं.

आणि काका वेळ मोजायचे तो फार कडक. होडीचा तळ जमिनीवरून सुटला की सुरू, पुन्हा टेकला की बंद. डागडुजीचा वेळ धरायचा नाही. वाऱ्याची वाट बघत काठावर बसलेला वेळ तर नाहीच नाही. हे मोजमाप मावशी स्वयंपाकात सांगायच्या. एखादा दिवस डाळीचा, एखादा साध्या भाताचा. ईस्टरच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, त्या वर्षाचा हिशेब जाहीर करायच्या: "यंदा एक मटणाचं पातेलं शिजलं बगा. मागल्या साली नुसती खिचडीच होती." सगळे हसायचे. काकाही हसायचे, आणि आणखी रस्सा घ्यायचे.

होडीत मी गेले ती माझ्या वजनामुळे. होडीला पुढे एक माणूस लागे, दोरी धरायला आणि तोल सांभाळायला. आधी हे काम शिरूरचे रशीदभाई करायचे. मांडवाचे पडदे शिवायचा त्यांचा धंदा, शीडही त्यांनीच शिवलं होतं. होडी वळवताना शिडाची आडवी काठी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सपकन जाते, तेव्हा डोकं खाली घालावं लागतं. काका वळायच्या आधी विचारायचे, "तयार?" एकदा रशीदभाईंनी मान हलवली, काकांनी होडी वळवली आणि काठी रशीदभाईंच्या कपाळावर बसली. ते टोपीसकट पाण्यात. वर काढल्यावर म्हणाले, "गायकवाडसाब, मानेवर डास बसला होता. तो हाकलत होतो मी." त्यानंतर त्यांनी शीड शिवून देईन, पण त्याच्याखाली बसणार नाही, असं ठरवलं. आणि काकांनी नियम केला, की ज्याच्या हातात सुकाणू त्याने मोठ्याने विचारायचं, आणि होडीतल्या प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यायचं. उत्तर कानावर आल्याशिवाय होडी वळणार नाही.

या नियमात माझ्यासारखी मुलगी कशी बसणार, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. "पोरीला जरा मोकळी हवा," म्हणून रशीदभाईंच्या जागी मला न्यायला पप्पांनी काकांना होकार दिला. मम्मीने मला दोन स्वेटर घातले.

पहिल्या दिवशी न्हावऱ्याच्या रस्त्याने आम्ही गेलो, शिडाची गुंडाळी माझ्या मांडीवर. उंदीर कुरतडतात म्हणून शीड काठावर ठेवत नसत, प्रत्येक वेळी घरी आणत. होडी मात्र काठालगतच्या एका शेतात, बाभळीखाली पालथी पडलेली. शेत ज्यांचं त्यांना सगळे आबा म्हणत. ते पाण्याच्या मोटारीजवळ बसून होते. "आज बी वारं न्हाई, साहेब," ते म्हणाले. "शीड तर आणलंया, पंखा आणलाय व्हय?" काकांनी त्यांना तंबाखूचा पुडा दिला आणि वारा येईपर्यंत दोघं काहीही न बोलता बसले. मला ते आवडलं. दोन मोठी माणसं न बोलता बसलेली मी फारशी पाहिली नव्हती.

मग पाण्यावर सुरकुत्या आल्या. आम्ही निघालो. इंजिन नाही, वल्हं नाही, आणि तरी आपण सरकतोय, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते अजून आठवतं. समोरचा काठ जवळ आला. मागून काकांचा आवाज, "तयार?" मी मान हलवली. होडी सरळच जात राहिली. "तयार?" मी जास्त जोरात मान हलवली. बाभळी एकदम अंगावर आल्या, होडी चिखलात रुतली आणि शीड काट्यांत गेलं.

काका रागावले नाहीत. घाबरलेही नाहीत. सुकाणू तसंच धरून बसले आणि म्हणाले, "माझे डोळे शिडाकडे असतात, पोरी. मान नको. आवाज."

उरलेली दुपार काटे काढण्यात गेली. शिडाला पडलेली भोकं ते एकेक करून बोटाने चाचपत होते. परत निघालो तेव्हा वळणापाशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून इंग्रजीत 'रेडी' निघालं. होडी लगेच वळली. "कुठल्या बी भाषेत चालंल," मागून आवाज आला. "ऐकू आलं पायजे." पुढे मी तयार म्हणू लागले. शाळेत मॅडमनी नाव पुकारलं तरी मी नुसता हात वर करायचे. इथे तो एक शब्द माझ्या वाट्याचा होता, आणि तो म्हटल्याशिवाय काहीच पुढे सरकत नसे.

बाकी आम्ही दोघं गप्प असायचो. तरी तीन हंगामांत त्यांच्याबद्दल जे कळायचं ते कळलं. ते शिरूरच्या मिशनच्या कंपाउंडात वाढले होते. धरण नवीन होतं तेव्हा तिथल्या एका पाद्रीसाहेबांनी त्यांना शीड शिकवलं. निघण्याआधी ते चपला काढून जोडीने काठावर ठेवत, उंबऱ्याबाहेर ठेवाव्यात तशा. पाण्यावर कधी तंबाखू खात नसत, थुंकायला लागतं म्हणून. वारा पडला आणि होडी मधेच थांबली की चिडत नसत, उलट त्यांचा चेहरा सैल व्हायचा. हाही वेळ पाण्यावरचाच धरायचा, असं एकदा ते स्वतःशीच म्हणाले.

आणखी एक सवय माझ्या लक्षात आली होती. धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या दक्षिण अंगाला, पाण्यातून वर आलेलं एका वाळक्या चिंचेचं खोड होतं. त्याच्या अलीकडे थोडं अंतर असतानाच काका "तयार?" म्हणायचे. वारा कितीही छान असो, होडी कितीही लयीत असो. पाण्याखाली फांद्या असतील, होडी अडकेल, म्हणून असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं.

खरं कारण मला मावशींनी दाखवलं, आणि त्यांना ठाऊकही नव्हतं की त्या दाखवताहेत.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या मे महिन्यात त्यांनी मला सोबत येतेस का म्हणून विचारलं. काकांचा हंगाम संपला होता, धरण तळाला गेलं होतं. आम्ही एसटीने आणि मग पायी गेलो. मावशींच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि एक खराटा होता. हंगामात जिथे आम्ही होडी फिरवायचो तिथे आता भेगाळलेली जमीन होती. तिच्यावरून चालत त्या चिंचेच्या खोडापाशी आल्या आणि शेजारच्या एका जोत्यावर चढल्या. मग खराटा काढून त्यांनी पायरीच्या दगडावरचा वाळलेला गाळ झाडायला सुरुवात केली.

"हितं चूल होती," त्या म्हणाल्या. "हितं आईनं मला झोडपलं होतं, दूध उतू गेलं म्हणून. ही पायरी. ह्या पायरीवर बसून आमचे आण्णा बायबल वाचायचे, आन् शेजारच्या आवाबाई पोथी. दोघांचा आवाज एकमेकात जायचा."

धरणात पाणी अडवलं तेव्हा त्या माझ्यापेक्षा लहान होत्या. गाव उठून वर माळावर गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या इथे येतात, पायरी झाडतात, डबा खातात आणि जातात. पावसाळ्यात ती पुन्हा बुडते.

काका येत नाहीत का, असं मी कसंबसं विचारलं.

"मीच येऊ देत न्हाई." त्यांनी खराटा आपटून गाळ झटकला. "ते बोलावत्यात मला होडीत. लग्न झाल्यापासनं. लई चांगलं वाटतं म्हणं. ज्या पाण्यानं आमचं घर नेलं, त्याच्यावर बसून मी हवा खाऊ?"

मी खोडाकडे बघितलं. होडी अलीकडे जिथून वळायची ती जागा इथून दिसत होती. तिथून इथपर्यंत यायला चांगल्या वाऱ्यात क्षणभर लागला असता. इतक्या वर्षांत काका त्या क्षणभराच्या अंतरावरून परत फिरत आले होते. मला ते मावशींना सांगावंसं वाटलं. पण ते सांगणं त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी डबा उघडला.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात काकांना जिना चढताना दम लागू लागला. कंपनीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे सांगितलं की छातीचं ऑपरेशन करावं लागेल, जानेवारीत. तोवर वजन उचलायचं नाही, काही ओढायचं नाही, स्कूटर बंद. हंगाम सुरू झाला तसा ते गच्चीवर उभे राहून धुणी बघत आणि खाली येत. भिंतीपलीकडून आता डाळीची चेष्टा ऐकू येत नसे. मावशी ती करत नव्हत्या, आणि ते जास्त जाणवायचं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. काका पुण्याहून परत आले नाहीत. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, ते मावशींचे दिवस आहेत. माझ्याकडे आहे तो त्याआधीचा, डिसेंबरातला एक शनिवार.

त्या सकाळी मावशी आमच्या दारात आल्या. त्यांनी पप्पांना विचारलं, आज गाडी मोकळी आहे का. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तुला ती होडी चालवता येती का गं, पोरी?" मागून काका चप्पल न घालताच आले. करुणा, कशाला, असं काहीतरी ते म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "यंदा एक बी डाळ शिजली न्हाई," त्या मला म्हणाल्या. "असा हंगाम सुना सोडायचा न्हाई."

पप्पांनी गाडी काढली. काठावर आबा होते. त्यांनी आणि पप्पांनी होडी सरळ करून पाण्यात लोटली. काका बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्यांचे हात आपोआप पुढे येत होते आणि ते मागे घेत होते. मावशींनी नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट बांधून घेतलं. "वैनी, आता तुमी हरवायच्या न्हाई," आबा म्हणाले, "लांबनं दिसताल." मावशींनी काकांच्या चपलांशेजारी आपल्या चपला नीट जोडून ठेवल्या आणि माझ्या खांद्यावर हात देऊन होडीत चढल्या. पुढे त्या बसल्या, मध्ये काका, आणि मागे सुकाणू आणि दोरी घेऊन मी. पप्पा काठावर राहिले.

सुकाणू मी त्याआधीही धरलं होतं, पण काका मागे शेजारी असायचे आणि विचारायचं काम तेच करायचे. त्यांनी आज मला काहीच सांगितलं नाही. वारा बेताचा होता, एकसारखा. होडी निघाली. मावशींनी दोन्ही हातांनी कड धरली होती.

चिंचेचं खोड दिसू लागलं. नेहमीची वळायची जागा आली आणि मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी खोडाकडे बघत होत्या. आम्ही ती जागा ओलांडली.

खोडाच्या बाजूने जाताना मावशींनी कडेचा एक हात सोडला आणि पाण्यात घातला. "हितं," त्या म्हणाल्या. मग, वळून न बघता, "लई खोल हाय का हो?"

"मला काय ठावं," काका म्हणाले. "मी हितं कधी आलोच न्हाई."

"येवढ्या वर्सांत?"

"तू बोलावलं न्हाईस."

मावशींचा हात पाण्यातच राहिला. पाणी त्यांच्या बोटांतून दोन बाजूंना फाटून मागे, माझ्यापर्यंत येत होतं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. दुसरा हात मात्र त्यांनी कडेवरून उचलला आणि मागे, काकांच्या गुडघ्यावर ठेवला. काकांनी त्यावर आपला ठेवला.

खोड मागे पडलं. समोर पलीकडचा काठ होता, आणि त्यावरच्या बाभळी हळूहळू मोठ्या होत होत्या. आता वळायला हवं होतं. सुकाणू माझ्या हातात होतं, म्हणजे विचारायचं मी.

मी विचारलं नाही. मी बोलले नाही तर होडी सरळ जात राहील, हे मला पक्कं माहीत होतं. वळलो की काठ, मग गाडी, मग दौंड, मग जानेवारी. काकांचा नियम कडक होता, तळ टेकला की वेळ बंद. तो चालू ठेवणं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्यावर होतं, आणि गप्प बसणं मला येत होतं. घरी चुलीवर काही ठेवलं असतं तर ते एव्हाना शिजून, आटून गेलं असतं.

बाभळीच्या फांद्या दिसू लागल्या, मग काटे.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. मी त्यांना अजून पाहते ते तसेच: पाठमोरे, पांढरा शर्ट वाऱ्याने थोडा फुगलेला, मावशींचा हात दोन्ही हातांत धरलेला, आणि मान किंचित एका बाजूला कललेली, कान मागे, माझ्याकडे. काठ त्यांनाही दिसतच होता. ते घाई करत नव्हते, मदतही करत नव्हते. ते ऐकत होते.

मी दोरी घट्ट धरली आणि दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "तयार?"